गाडी घ्यायची, पण रोख की हप्त्यावर?

आम्ही बोदवड तालुक्यातल्या बचत गटांच्या बाया बोलतोय. आज जवळ वही आणि पेन घेऊन बसा. लेकीकडे किंवा सुनेकडे मोबाइल असेल तर त्यातलं कॅल्क्युलेटर उघडून ठेवा. आजचा विषय आहे नवी चारचाकी घेण्याचा. सगळे पैसे एकदम मोजावेत, की कर्ज काढून हप्ते भरावेत?

कुणी म्हणेल, आपला आणि गाडीचा काय संबंध? तो विषय घरातल्या पुरुषमाणसांचा. पण गाडीच्या कर्जावर सह-अर्जदार म्हणून सही आपलीच घेतात. हप्ता थकला की गटातून पैसे उचलायला आपल्यालाच सांगतात, आणि शेवटी मोडतो तो दागिनाही आपलाच असतो. म्हणून हा हिशेब आपल्याला यायलाच पाहिजे.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटाच्या बैठकीत हा प्रश्न आला होता. एका वहिनीच्या घरी जमिनीच्या मोबदल्याचे ८ लाख रुपये आले होते. सासूबाईंना दवाखान्यासाठी वरचेवर जळगावला न्यावं लागे. दर वेळी भाड्याची गाडी, नाहीतर एसटीचे धक्के. लेकीचं नर्सिंगचं शिक्षण चालू, तिची फी पावसाळ्यात भरायची. पोरगा म्हणे, आखाजीला गाडी दारात उभी करू. सासरे म्हणत, कर्ज नको, पैसा आहे तर रोख मोजा. आणि शोरूममधला माणूस म्हणे, मावशी, रोख कशाला देता? पैसे बँकेत ठेवा, गाडी फायनान्सवर घ्या, त्यात तुमचाच फायदा आहे. तिघांचं तीन तऱ्हांचं. वहिनी म्हणाल्या, तुम्हीच सांगा आता काय करू. मग आम्ही बैठकीतच मांडणी केली. ती आज तुम्हाला सांगतो. यातले आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. तुमच्या गाडीची किंमत आणि तुमच्या बँकेचा दर वेगळा असेल, पण रीत हीच.

आधी किंमत नीट समजून घ्या. जाहिरातीत असते ती एक्स-शोरूम किंमत. तिच्यावर रोड टॅक्स, नोंदणी आणि विमा चढतो. आपल्या महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला किमतीच्या ११ टक्के रोड टॅक्स आहे. म्हणजे साडेपाच लाखांच्या गाडीवर तेवढ्यानेच ६० हजार रुपये वाढले. विम्याचंही तसंच. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या चारचाकीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. मात्र तो शोरूमकडूनच घेतला पाहिजे अशी सक्ती नाही. दुसरीकडे विचारून बघा. सीटकव्हर, मॅटिंग, हँडलिंग चार्ज असं काही कोटेशनमध्ये दिसलं तर बोट ठेवून विचारा, हे कशाचे? हवं ते ठेवा, नको ते काढायला लावा.

आणखी एक गोष्ट. २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून लहान गाड्यांवरचा जीएसटी कमी होऊन १८ टक्के झाला आहे. त्यामुळे कुणी जुना भाव सांगून वर सूट दिल्याचं दाखवत असेल, तर ती सूट खरी किती आणि कराची किती, ते बघा.

आपण धरू, सगळं मिळून गाडी साडेसहा लाखांना पडते. वहिनींना शोरूमने सांगितलं ते असं : दीड लाख आता भरा, ५ लाखांचं कर्ज, ५ वर्षं, व्याज १० टक्के. महिन्याचा हप्ता १०,६२४ रुपये. साठ हप्त्यांचे होतात ६ लाख ३७ हजार. म्हणजे ५ लाखांवर व्याज १ लाख ३७ हजार.

हेच कर्ज ३ वर्षांत फेडलं तर हप्ता १६,१३४ रुपये, पण व्याज जातं ८१ हजार. ७ वर्षांचं घेतलं तर हप्ता ८,३०१ रुपयांवर उतरतो, आणि व्याज चढतं १ लाख ९७ हजारांवर. हप्ता लहान दिसला की कर्ज हलकं वाटतं, पण ते तसं नसतं. सात वर्षांच्या कर्जात तीन वर्षं हप्ते भरून झाले की जवळजवळ ३ लाख रुपये दिलेले असतात, आणि मुद्दल पावणेदोन लाखसुद्धा फिटलेलं नसतं. तोवर गाडी जुनी होते, टायर बदलायला येतात. अडचण आली आणि गाडी विकायची वेळ आली, तर सव्वातीन लाखांच्या वर बाकी डोक्यावर असते.

आता व्याज सांगण्याच्या दोन पद्धती. इथेच पुष्कळ जणी फसतात. एक असतो फ्लॅट रेट आणि दुसरा रिड्युसिंग, म्हणजे घटत्या बाकीवरचा. आपल्या गटात आपण हे रोज करतो. बाई जसजसं मुद्दल फेडते, तसतसं उरलेल्या बाकीवरच व्याज लावतो. तो झाला घटता दर. फ्लॅटमध्ये तसं नसतं. पहिल्या दिवशी घेतलेल्या पूर्ण रकमेवर शेवटच्या महिन्यापर्यंत व्याज लागतं, मुद्दल कितीही फिटो.

एक उदाहरण लिहून घ्या. एकाने सांगितलं ६ टक्के फ्लॅट, दुसऱ्याने सांगितलं १० टक्के घटत्या बाकीवर. ऐकायला ६ टक्के स्वस्त. पण ५ लाखांवर ५ वर्षांचं ६ टक्के फ्लॅट व्याज होतं दीड लाख. १० टक्के घटत्या दराने होतं १ लाख ३७ हजार. म्हणजे सहावाला महाग निघाला. त्याचा घटता दर काढला तर तो पावणेअकराच्याही वर जातो. आणि १० टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या दराने १७ टक्क्यांहून जास्त. म्हणून दर ऐकला की पहिला प्रश्न हाच : दादा, फ्लॅट की घटत्या बाकीवर?

कुणी शून्य टक्के व्याज म्हणालं तर जास्तच सावध व्हा. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. ते व्याज प्रोसेसिंग फीत लपवलेलं असतं, नाहीतर रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट आपल्याला नाकारून वसूल केलेलं असतं.

आता येऊ शोरूमवाल्याच्या त्या फायद्याच्या गोष्टीकडे. त्याने वहिनींना कागदावर असं मांडून दिलं होतं : ५ लाख रोख देण्याऐवजी बँकेत ५ वर्षं मुदत ठेव करा. ७ टक्क्यांनी त्याचे होतील ७ लाख ७ हजार. म्हणजे व्याज मिळालं २ लाख ७ हजार, आणि कर्जावर गेलं १ लाख ३७ हजार. सत्तर हजार तुमच्या पदरात, वर गाडी दारात! बैठकीत हे ऐकून आम्हीही क्षणभर गप्प झालो. बँक १० टक्क्यांनी व्याज घेते, ७ टक्क्यांनी देते, आणि तरी आपण फायद्यात? असं असतं तर बँका कशा चालल्या असत्या?

मेख कुठे आहे ते बघा. ठेव बँकेत पडून आहे, मग दर महिन्याचा १०,६२४ चा हप्ता कुठून भरताय? घरच्या कमाईतून. तो त्याने हिशेबात धरलाच नाही. रोख गाडी घेतली असती तर हा हप्ता भरावा लागला नसता. तेच १०,६२४ रुपये दर महिन्याला आरडीत, म्हणजे आवर्ती ठेवीत टाकले असते, तर त्याच ७ टक्क्यांनी ५ वर्षांनी ७ लाख ६० हजारांच्या जवळपास झाले असते. आता बरोबरी करा. कर्जाच्या वाटेने गेलो तर पाच वर्षांनी हातात गाडी आणि ७ लाख ७ हजार. रोखीच्या वाटेने गेलो तर गाडी आणि ७ लाख ६० हजार. रोखवाली बाई ५२ हजारांनी पुढे. प्रोसेसिंग फी आणि इतर खर्च त्यात अजून धरलेलेच नाहीत.

म्हणजे सासऱ्यांचं बरोबर निघालं? हिशेबाने होय. पण दोन अटींवर.

पहिली अट, तो हप्त्याइतका पैसा दर महिन्याला खरोखर बाजूला पडला पाहिजे. कर्जाचा हप्ता बँक खात्यातून ओढून नेते. आरडीचा हप्ता आपल्याला स्वतःहून भरावा लागतो. लग्नसराई आली, पाहुणे आले की आरडी राहते. म्हणून रोख गाडी घेणाऱ्या घराने पुढच्याच महिन्यापासून आरडी चालू करावी आणि खात्यातून ती आपोआप वळती होईल अशी सोय करून घ्यावी.

दुसरी अट जास्त महत्त्वाची आहे. रोख मोजल्यावर घरात काय उरतं? वहिनींच्या ८ लाखांतून साडेसहा गेले की उरतात दीड लाख. त्यातून लेकीची फी, पेरणीचं बी-खत आणि सासूबाईंचा दवाखाना. आपलं पीक पावसावर. कापूस आणि मका घरात येईपर्यंत दिवाळी उजाडते. मधल्या चार महिन्यांत एखादं ऑपरेशन निघालं तर? मग सावकाराकडे जायचं. तो सांगतो शेकडा ३ रुपये, पण ते महिन्याचे. वर्षाचे झाले ३६ टक्के. आपल्या गटातलं शेकडा २ रुपयेसुद्धा वर्षाला २४ टक्के होतात. १० टक्क्यांचं कर्ज टाळण्यासाठी सगळा पैसा गाडीत घातला आणि चार महिन्यांनी ३६ टक्क्यांचं कर्ज काढलं, तर त्या रोखीचा उपयोग काय? दारात उभ्या असलेल्या गाडीतून दवाखान्याचं बिल भरता येत नाही.

म्हणून आमच्या बैठकीत आधी वेगळं काढून ठेवायचे पैसे ठरले. वर्षभराची फी, एका हंगामाचा शेतीखर्च आणि दवाखान्यासाठी हातात रक्कम. वहिनींचे ते होत होते ४ लाख. उरलेले ४ लाख गाडीला द्यायचे. कमी पडतात अडीच लाख. त्याचं ३ वर्षांचं कर्ज १० टक्क्यांनी घेतलं तर हप्ता ८,०६७ रुपये आणि एकूण व्याज ४० हजार. शोरूमच्या १ लाख ३७ हजारांपुढे हे ४० हजार, आणि घरात ४ लाख शाबूत. हा हप्ता कशातून जाणार हेही विचारलं. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो, हप्ता मात्र बारा महिने असतो. वहिनींच्या घरी पिठाची गिरणी आहे आणि दुधाचा पैसा दर महिन्याला येतो. त्यातून ८ हजार निघतात, १० हजार निघाले नसते. ज्या घरात फक्त शेतीचंच उत्पन्न आहे, त्यांनी कर्ज घेण्याआधीच विचारावं की सहामाही हप्ता बांधून मिळेल का.

आणखी एक वाट आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. तुमची आधीची मुदत ठेव असेल तर ती न मोडता तिच्यावर बँक कर्ज देते. त्याचा दर साधारणपणे ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्क्यांनी जास्त असतो, म्हणजे कित्येकदा गाडीच्या कर्जापेक्षा स्वस्त. शिवाय आरसी बुकावर बोजा चढत नाही. पण फेड चुकली तर ठेव जाते, हे ध्यानात ठेवा.

आणि ठेव ठेवायची तर कुठे? जादा व्याजाच्या मोहात पडू नका. भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्था बुडाली तेव्हा हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले, हे आपल्या जळगाव जिल्ह्याने पाहिलं आहे. बँकेतल्या ठेवीला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. मोबदल्याचा पैसा असेल तर हे लक्षात ठेवाच.

रोख म्हणजे नोटांची पिशवी नव्हे, हेही सांगायला हवं. आयकर कायद्याप्रमाणे एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम नोटांमध्ये घेता येत नाही. घेणाऱ्याला तेवढाच दंड बसतो. म्हणून पैसे आपल्या खात्यातून चेकने किंवा आरटीजीएसने द्या. पैसे तुमचे आहेत याचा तो पुरावाही होतो. आणि पैसे तुमचे असतील तर गाडी तुमच्या नावावर घ्या. गाडी नावावर असायला स्वतःला गाडी चालवता यावी लागत नाही. एमएच-१९ च्या आरसी बुकावर घरातल्या बाईचं नाव लागलं तर कुणाचं काही बिघडत नाही.

कर्ज घ्यायचं ठरलंच, तर तुमचे काही हक्क आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासाठी बँकेने आणि फायनान्स कंपनीने सही घेण्याआधी एक मुख्य माहितीपत्रक द्यायचं असतं. त्यात व्याज, फी आणि सगळे आकार धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. त्याला एपीआर म्हणतात. दोन ठिकाणच्या कर्जांची तुलना करायची तर हप्त्याची करू नका, या एपीआरची करा. हे पत्रक तुम्हाला समजेल अशा भाषेत हवं. म्हणजे मराठीत मागा. आणि ते किमान तीन कामाचे दिवस ग्राह्य असतं. आजच सही करा, नाहीतर ऑफर जाईल, असं कुणी म्हणालं तर म्हणा, आम्हाला तीन दिवस आहेत. पत्रकात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही.

आखाजी, पाडवा, दसरा या मुहूर्तांवर गर्दी असते आणि सह्या घाईत होतात. म्हणून कागदाचं काम मुहूर्ताच्या आठ-पंधरा दिवस आधी उरका. मुहूर्तावर फक्त नारळ फोडा. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. सहीच्या प्रत्येक कागदाची प्रत घ्या. जामीन म्हणून सही करत असाल तर समजून करा. कर्जदाराने भरलं नाही तर ते कर्ज तुमचं होतं आणि तुमचा सिबिल स्कोअर खराब होतो. उद्या गटासाठी बँकेत जाल तेव्हा तोच आडवा येतो.

मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड किती, हेही आधीच विचारा. कापूस चांगला झाला आणि एकदम फेडायचं मनात आलं तर उपयोगी पडतं. हप्ता चुकला तर दंड लावता येतो, पण त्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. हा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. वसुलीवाल्याने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ किंवा धमकी तर मुळीच नाही. तसं झालं तर आधी बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार द्या. तिथे न्याय मिळाला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तिला पैसे पडत नाहीत. माहितीसाठी रिझर्व्ह बँकेचा क्रमांक १४४४८. लिहून घ्या.

कर्ज फिटलं की काम संपत नाही. बँकेकडून ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घ्या, आणि आरटीओकडून आरसीवरचा बोजा उतरवून घ्या. तो राहिला तर पुढे गाडी विकताना अडतं.

गटाला धंद्यासाठी किंवा प्रवासी वाहतुकीसाठी गाडी हवी असेल, तर घरच्या गाडीचा हिशेब तिथे लावू नका. २०१७ साली सुरू झालेल्या आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजनेत बचत गटातल्या बाईला गाडीसाठी साडेसहा लाखांपर्यंत बिनव्याजी कर्जाची तरतूद केलेली आहे. आपल्याकडे आज त्यातलं काय मिळू शकतं, ते उमेदच्या तालुका कार्यालयात आधी विचारा, मग शोरूमची पायरी चढा.

वहिनींनी अजून एक हिशेब केला, तोही सांगतो. महिन्यात दोन खेपा जळगावच्या असतील, तर भाड्याच्या गाडीचे किती जातात आणि स्वतःच्या गाडीचा हप्ता, विमा, सर्व्हिसिंग, पेट्रोल मिळून किती जातात? दोन खेपांसाठी भाड्याचीच गाडी स्वस्त निघाली. मात्र त्यांच्या घरी महिन्याला सात-आठ खेपा होत होत्या, आणि रात्री-अपरात्री भाड्याची गाडी मिळत नव्हती. म्हणून त्यांनी गाडी घेतली. ४ लाख खात्यातून, अडीच लाख कर्ज, ३ वर्षं. आखाजीला नाही, जरा उशिरा घेतली, कारण मराठीतला कागद हातात यायला आठ दिवस लागले. आरसी वहिनींच्या नावावर आहे.

तर बायांनो, वहीत पाच प्रश्न लिहा. सगळं धरून गाडी केवढ्याला पडते? पैसे दिल्यावर घरात किती उरतात? दर फ्लॅट की घटत्या बाकीवर, आणि एपीआर किती? हप्ता महिन्याच्या कोणत्या उत्पन्नातून जाणार? गाडी कुणाच्या नावावर? पाचांची उत्तरं मिळेपर्यंत पेनाचं टोपण काढू नका. एकटीला जमत नसेल तर कोटेशन गटाच्या बैठकीत घेऊन या. चार जणी मिळून बसलो की तासाभरात उलगडतं. पुढच्या वेळी आम्ही पीक विम्याच्या कागदांबद्दल बोलू. तोवर राम राम.